चेरीच्या गावचा तीन खेळांचा गडी

मंडळी, अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. लिंडन हे गाव मात्र त्यातलं नव्हे. कॅलिफोर्निया राज्यात, स्टॉकटन शहराच्या पूर्वेला, चेरी आणि अक्रोडाच्या बागांत ते वसलेलं आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. आपल्याकडं एवढ्या गावात दिवसातून दोनदा एसटी आली तरी पुष्कळ!

या गावात ॲरन जज वाढला. जन्म १९९२ चा. जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी एका शिक्षक दांपत्यानं त्याला दत्तक घेतलं. आज तो बेसबॉलच्या न्यूयॉर्क यँकीज संघाचा कप्तान आहे. २०२२ साली त्यानं एका हंगामात ६२ होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे थेट कुंपणापार जाणारे फटके मारले आणि अमेरिकन लीगचा ६१ वर्षांचा विक्रम मोडला. पण ते वैभव राहू द्या. अठराव्या वर्षी त्याच्या घरात जो पेच पडला होता, तो तुम्हाला सांगायचा आहे.

आपल्याकडं जसं खरीप, रब्बी आणि उन्हाळी, तसे तिथल्या शाळांत खेळांचे तीन हंगाम असतात. पानगळीत फुटबॉल, थंडीत बास्केटबॉल आणि वसंतात बेसबॉल. तिथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू काखेत मारून धडका देत पळायचं, बरं का. लहान गावच्या शाळेत पोरं मोजकीच, त्यामुळं तीच पोरं तिन्ही हंगामांत मैदानावर दिसतात. एकाच खेळाला जुंपून घ्यायची चैन शहरातल्या मोठ्या शाळांना परवडते.

ॲरननंही पिकाची अशी फेरपालट केली. शेवटच्या वर्षी फुटबॉलमध्ये १७ टचडाऊन, बास्केटबॉलमध्ये सामन्यामागं सरासरी १८ गुण, आणि बेसबॉलमध्ये चेंडू फेकणं नि फटकावणं दोन्ही त्याच्याकडंच. उंची सहा फूट सात इंचांपर्यंत गेलेली. असं पोरगं कोणाच्या नजरेतून सुटणार?

नोटर डेम, स्टॅनफर्ड, यूसीएलए अशा नावाजलेल्या विद्यापीठांना तो फुटबॉलसाठी हवा होता. आता यातला हिशेब बघा. त्या काळच्या नियमानं मोठ्या विद्यापीठाला फुटबॉलसाठी ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. बेसबॉलला मिळून ११.७! तुम्ही म्हणाल, ही दशांश शिष्यवृत्ती कसली? तर एवढाच पैसा २७ गड्यांपर्यंत वाटायचा. कोणाला निम्मी फी, कोणाला पाव, कोणाला काहीच नाही. पगारावर चालणाऱ्या घराला हा फरक केवढा वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको. (२०२५ पासून नव्या व्यवस्थेत आलेल्या विद्यापीठांना हा नियम राहिलेला नाही, तिथं आता संघात ३४ गड्यांची मर्यादा आहे.)

त्यात २०१० साली तिसरी वाट पुढं आली. ओकलंडच्या धंदेवाईक संघानं त्याला निवडलं, पण ३१ व्या फेरीत. तेव्हा ५० फेऱ्या होत. एवढ्या खालच्या फेरीतल्या पोराला सहसा थोडके पैसे मिळतात आणि पुढं कुठल्या तरी दुय्यम संघात वर्षं जातात. तरी अठरा वर्षांच्या पोराला धंदेवाईक संघाचं बोलावणं म्हणजे मोहच की!

ॲरननं नाही म्हटलं. फुटबॉललाही नाही म्हटलं आणि त्यानं फ्रेस्नोच्या राज्य विद्यापीठाचा बेसबॉल संघ गाठला. आईवडील तिथंच शिकलेले. फ्रेस्नो म्हणजे बेदाण्याचा मुलूख. आपल्या नाशिक-तासगावची थॉम्पसन सीडलेस द्राक्षं मूळ या कॅलिफोर्नियाच्याच वाटेनं नावारूपाला आली. त्या खोऱ्यातल्या शेतीची खूण म्हणून विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंच्या हेल्मेटवर हिरवं ‘व्ही’ अक्षर असतं. आणि बेसबॉलचं म्हणाल, तर कोणाच्या खिजगणतीत नसताना २००८ साली याच संघानं देशाचं विजेतेपद मारलं होतं. तेव्हा ॲरन सोळा वर्षांचा होता.

कॉलेजात लगेच चमत्कार झाला असं समजू नका. एवढा धिप्पाड गडी, पण पहिल्या वर्षी होमरन फक्त २. दुसऱ्या वर्षी ४. गावाकडं कोणीतरी ‘फुटबॉलच बरा होता’ असं पुटपुटलं असेल, तर नवल नाही. तिसऱ्या वर्षी मात्र १२. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेल्या पोराला साधारण तीन वर्षं किंवा वयाची एकवीस पुरी होईपर्यंत धंदेवाईक संघांनी उचलायचं नाही, असा तिथला नियम आहे. ती मुदत संपली आणि २०१३ साली यँकीजनी त्याला पहिल्याच फेरीत, सबंध देशात ३२ व्या क्रमांकावर घेतलं. करारापोटी १८ लाख डॉलर हाती आले. २०२१ पासून ही निवड २० फेऱ्यांतच आटोपते, म्हणजे ३१ वी फेरी आता उरलेलीच नाही.

शाळेत तो चेंडू फेकायचा, नाहीतर पहिल्या तळावर उभा असायचा. फ्रेस्नोत त्याला मैदानाच्या मागच्या बाजूला, कुंपणाकडच्या पट्ट्यात धाडलं. तिथं लांबवर गेलेल्या चेंडूचा अंदाज घेत पाठमोरं पळायचं असतं आणि ऐन कुंपणाशी उंच उडी घ्यायची असते. तो कधी टीव्हीवर दिसला, तर तेवढं नीट पाहा. ते पळणं फुटबॉलचं आहे आणि ती उडी बास्केटबॉलची.