जुळ्या भावांचे वय

मोठे होणे म्हणजे काय, हा कुमारांसाठी लिहिलेल्या अनेक कादंबऱ्यांचा विषय असतो. अमेरिकन लेखक रॉबर्ट हाइनलाइन यांनी ‘टाइम फॉर द स्टार्स’ (१९५६) या विज्ञान-साहसकथेत त्याला भौतिकशास्त्राची जोड दिली. सापेक्षता सिद्धांताची ओळख करून देताना ही कथा वर्गात उपयोगी पडते.

टॉम आणि पॅट हे जुळे भाऊ. पॅट पुढाकार घेणारा, टॉम नेहमी त्याच्या मागे. कितीही अंतरावरून त्यांना मनातल्या मनात तत्क्षणी बोलता येते, अशी लेखकाची कल्पना. म्हणून एकाने ताऱ्यांकडे निघालेल्या यानात बसावे व दुसऱ्याने पृथ्वीवर राहावे, असे ठरते. अपघातामुळे पॅट जाऊ शकत नाही, टॉम जातो. यानाचा वेग प्रकाशवेगाच्या जवळ पोचतो. टॉम परततो तेव्हा तरुणच असतो, पॅट मात्र वृद्ध झालेला असतो.

हे कसे? आइन्स्टाइन यांच्या १९०५ सालच्या सिद्धांतानुसार यानातील काळ काढण्याची रीत सोपी आहे. यानाचा वेग प्रकाशवेगाच्या किती पट आहे ते पाहावे, त्या संख्येचा वर्ग १ मधून वजा करावा, वर्गमूळ काढावे आणि त्याने पृथ्वीवरील काळाला गुणावे.

फळ्यावर उदाहरण घेऊ. १६ वर्षांच्या जुळ्यांपैकी एक जण प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने ८ प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याकडे जातो व लगेच परततो. पृथ्वीवर १० अधिक १०, म्हणजे २० वर्षे जातात. ०.८ चा वर्ग ०.६४, १ मधून वजा केल्यास ०.३६; वर्गमूळ ०.६. म्हणून यानात १२ वर्षे जातात. भेटीच्या दिवशी घरचा भाऊ ३६ वर्षांचा, प्रवासी २८ वर्षांचा!

चाणाक्ष विद्यार्थी विचारील, ‘‘यानातून पाहिले तर पृथ्वीच दूर गेली. मग घरचा भाऊ लहान का नाही?’’ प्रश्न रास्त आहे. पण दोघांची स्थिती सारखी नाही. यान मागे वळले आणि वळतानाचा धक्का प्रवाशालाच जाणवला. जाताना त्याची संदर्भचौकट एक होती, येताना दुसरी. घरचा भाऊ एकाच चौकटीत राहिला.

याला प्रयोगांचा आधार आहे. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची आण्विक घड्याळे विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पडलेला नॅनोसेकंदांचा फरक वेग व गुरुत्वाकर्षण यांच्या गणिताशी जुळला. स्थिर म्यूऑन कणाचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असते. १९७७ साली सर्न येथील प्रयोगात वेगवान म्यूऑनचे आयुष्य सुमारे २९ पट भरले. खऱ्या जुळ्यांचेही उदाहरण आहे. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस अंतराळ स्थानकात होते, भाऊ मार्क पृथ्वीवर. त्या मुक्कामामुळे पडलेला फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी!

कथेत विज्ञान सुटते ते तत्क्षणी होणाऱ्या संवादात. दूरच्या दोन घटना ‘एकाच क्षणी’ घडल्या की नाही, हे पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते. ही लेखकाची सोय आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. वेगाने प्रवास केला की आयुष्य वाढते, असे मुलांना वाटते. आपल्या उदाहरणातील प्रवासी पुरती १२ वर्षेच जगला. तेवढेच त्याचे श्वास, तेवढेच त्याचे अनुभव. जास्तीचे काही हाती लागले नाही. घरच्यांच्या आयुष्यातील २० वर्षे मात्र हुकली. टॉमही पॅटपेक्षा कितीतरी कमी वर्षे जगून परततो, पण भावाच्या छायेतून बाहेर पडलेला असतो. जन्मतारीख दोघांची एकच. वय मात्र ज्याचे त्याने जगून मोजायचे.

आता हेच उदाहरण ६ प्रकाशवर्षे अंतर आणि ०.६ पट वेग घेऊन मुलांकडून सोडवून घ्यावे.