डंजन्स अँड ड्रॅगन्स: सूत्रधाराने नियम वाकवले की खेळाडू का चिडतात?

खेळाडू सांगतो, 'मी त्या राक्षसावर फायरबॉल टाकतो.' सूत्रधार म्हणतो, 'याला आगीने काहीच होत नाही.' इथे खेळ रंगू शकतो, नाहीतर सगळ्या टेबलाचा मूड जाऊ शकतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. यात पट नसला तरी चालतं. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, आणि 'डंजन मास्टर' म्हणजे सूत्रधार बाकीचं सगळं जग चालवतो. काय जमलं आणि काय फसलं ते बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. नियमांची जाडजूड पुस्तकं आहेत, पण ती बाजूला ठेवण्याची मुभा सूत्रधाराला पहिल्यापासून आहे. त्यामुळे नियम बदलावेत की नाही हा वादाचा मुद्दाच नाही. ते कसे बदलावेत, यावरून भांडणं होतात.

फायरबॉलचंच बघा. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पाचव्या पातळीच्या जादूगाराला एवढ्या ताकदीचे मंत्र विश्रांतीआधी दोनदाच वापरता येतात. सूत्रधाराने ऐनवेळी 'परिणाम नाही' म्हटलं, तर त्याची निम्मी मोठी ताकद वाया गेली. राक्षस अवघड आहे याचा त्याला राग येत नाही. पुस्तक वाचून, विचार करून घेतलेला निर्णय निरर्थक ठरला, याचा येतो. हाच राक्षस आधी लोहाराच्या धगधगत्या भट्टीत झोपलेला दिसला असता, तर कुणी तक्रार केली नसती. उलट तो सुगावा ज्याने पकडला, त्याची कॉलर ताठ झाली असती.

नियमाला अपवाद कसा करावा, याचा चांगला नमुना पुस्तकातच आहे. २०१४ च्या नियमांत मोठ्या ड्रॅगनना 'लेजंडरी रेझिस्टन्स' मिळतो: फासा हरला तरी ड्रॅगन मंत्रातून सुटतो, पण दिवसातून तीनदाच. मंत्र फुकट गेल्याचं वाईट वाटतंच. तरीही 'एक संपला, दोन राहिले' हे मोजता येतं, आणि ते तीन लवकर संपवणं हाच मग डाव होतो. मर्यादा नसलेला अपवाद मात्र दादागिरी वाटतो.

काही बदल वरवर गमतीचे असतात, पण हिशेब केला की खटकतात. अनेक टेबलांवर एक घरगुती नियम असतो: हल्ला करताना फाशावर १ पडला की तलवार हातातून निसटते. पहिल्या पातळीचा लढवय्या एका पाळीत एकदा वार करतो, म्हणजे धोका ५ टक्के. विसाव्या पातळीचा महायोद्धा चार वार करतो. त्यात निदान एकदा १ पडण्याची शक्यता सुमारे १८.५ टक्के होते. जितका तरबेज, तितका धांदरट! पुष्कळसे मंत्र टाकताना जादूगाराला हल्ल्याचा फासा टाकावाच लागत नाही, त्यामुळे तो मजेत बसतो. भुर्दंड एकाच खेळाडूवर पडतो आणि दोन-तीन बैठकांत त्याला ते कळतं.

खेळाडूच्या बाजूने वाकवलेला नियमही असाच नीट तपासावा लागतो. झुंबराला लटकून मारलेली लाथ एकदा भारी वाटते. पण तिने तलवारीपेक्षा जास्त इजा केली, तर पुढच्या लढाईत सगळे छताकडेच बघणार, आणि ज्याने आपल्या पात्राला तलवारबाजीत घडवलं तो खट्टू होणार.

उलट उदाहरण औषधाच्या कुपीचं. २०१४ च्या नियमांत ती प्यायला पाळीतली मुख्य कृती खर्च व्हायची. जखमी योद्धा औषध प्याला, की त्या पाळीत वार नाही. हे कंटाळवाणं वाटून अनेक गटांनी तिला 'बोनस अ‍ॅक्शन', म्हणजे जोडीची छोटी कृती केलं. २०२४ च्या सुधारित पुस्तकात तोच अधिकृत नियम झाला. हा बदल सगळ्यांना सारखा होता, आधीच माहीत होता आणि त्याने कुणाचंच कौशल्य कमी केलं नाही.

पडद्याआड फासा टाकून खोटा आकडा सांगण्याचा प्रश्न जास्त नाजूक आहे. २०१४ च्या सूत्रधारांच्या पुस्तकात या शक्यतेचा उल्लेख आहे, आणि एखादं पात्र फालतू कारणाने मरू नये म्हणून काही जण तसं करतातही. पण एकदा कळलं, की आधी जिंकलेल्या लढायांवरही शंका येते. ज्याला निकाल बदलायचाच आहे त्याने मुळात फासा टाकू नये, हे जास्त सरळ.

गल्ली क्रिकेटमध्ये 'एक टप्पा आउट' आहे की नाही, हे मॅचआधी ठरतं. कॅच पकडल्यावर नाही. इथे त्यासाठी 'सेशन झीरो' असतो: मोहीम सुरू होण्यापूर्वीची बैठक. तिथे घरगुती नियम उघड सांगितले जातात. मोहीम अर्ध्यावर असताना बदल करावाच लागला, तर चालू लढाई जुन्या नियमाने संपवून नवा नियम पुढच्या बैठकीपासून लावलेला बरा. आणि ज्या खेळाडूचा मंत्र किंवा कौशल्य त्याने निकामी झालं, त्याला त्या बदल्यात दुसरं निवडू द्यावं.