पोट मारून वजन उतरवताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्न दोन महिन्यांवर आलं, की अनेक घरांत नवरीचा ‘कडक डाएट’ सुरू होतो. सकाळी बिनसाखरेची काळी कॉफी, दुपारी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि पेलाभर ताक, रात्री वाटीभर सूप. या सगळ्याची बेरीज जेमतेम अडीचशे-तीनशे कॅलरी भरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानुसार बैठं काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० कॅलरी लागतात. ८०० कॅलरींपेक्षा कमी आहार वैद्यकशास्त्रात ‘अतिअल्प’ मानला जातो आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचा नसतो. तरीही असे डाएट एकमेकांना सर्रास सुचवले जातात, कारण त्यामागे काही समज घट्ट बसले आहेत.

गैरसमज : आठवड्यात तीन किलो उतरले, म्हणजे तीन किलो चरबी गेली.

वस्तुस्थिती : हिशेब करून पाहा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. दिवसाला १,६६० कॅलरी खर्च करणारी स्त्री आठवडाभर अजिबात जेवली नाही, तरी सगळा खर्च सुमारे ११,६०० कॅलरींचा. म्हणजे फार तर दीड किलो चरबी. मग उरलेलं वजन कशाचं? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते आणि तिच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. उपासमारीत हा साठा आधी संपतो आणि त्यासोबत पाणीही निघून जातं. नीट जेवायला लागलं, की ते परत येतं.

गैरसमज : खाणं तोडलं, की शरीर फक्त चरबी वापरतं.

वस्तुस्थिती : मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतातला साठा एखाद्या दिवसात संपतो आणि चरबीपासून ग्लुकोज फारसं तयार होत नाही. त्यामुळे शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडायला घेतं. पुढे मेंदू चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर बराचसा भागवतो, पण स्नायूंची झीज पूर्ण थांबत नाही. हृदय हाही स्नायूच आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत द्रव प्रथिनांच्या डाएटची लाट आली होती. कोलॅजेनसारख्या निकृष्ट प्रथिनांवर आणि दिवसाला तीन-चारशे कॅलरींवर माणसं महिनोन्‌महिने राहिली. त्यातल्या सुमारे ६० जणांच्या मृत्यूंची नोंद झाली. अनेकांच्या हृदयाची लय बिघडली होती.

गैरसमज : थोडे दिवस भूक मारली, की शरीराला सवय होते.

वस्तुस्थिती : १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला तत्त्वतः नकार देणारे आणि स्वखुशीने पुढे आलेले होते. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या निम्मा, म्हणजे सुमारे १,५७० कॅलरींचा आहार दिला गेला. त्यांचं वजन पाव हिश्शाने घटलं. नाडी मंदावली, पावलांवर सूज आली, सतत थंडी वाजू लागली. ते चिडचिडे आणि उदास झाले. दिवसभर डोक्यात अन्नाचेच विचार, ताटल्या चाटूनपुसून साफ; काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवली. पुढे पोटभर जेवण मिळू लागलं, तरी अनेकांची भूक भागेना. डाएट सोडल्यावर खाण्यावर ताबा राहत नाही, तो मनाचा दुबळेपणा नसतो. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं.

गैरसमज : एकदा वजन उतरलं, की काम झालं.

वस्तुस्थिती : अन्न कमी पडलं, की शरीर आपला खर्चही कमी करतं. वजन घटवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी कडक आहार आणि प्रचंड व्यायाम करून वजन उतरवलं होतं. सहा वर्षांनी त्यातलं बरंचसं परत आलं होतं, पण विश्रांतीच्या वेळचा त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता.

गैरसमज : थोडा थकवा येतो, बाकी काही होत नाही.

वस्तुस्थिती : झपाट्याने वजन उतरलं, की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. ऊर्जा अपुरी पडली, की अनेक मुलींची पाळी बंद होते. पाळी थांबली, की इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. केसगळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, म्हणून तिचा डाएटशी संबंध लक्षातच येत नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं.

गैरसमज : डॉक्टरसुद्धा ८०० कॅलरींचा आहार देतात, मग घरी का नको?

वस्तुस्थिती : देतात, हे खरं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला गेला. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर ४६ टक्के रुग्ण औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीबाहेर होते. पण त्या आहारात प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि क्षार मोजून घातलेले होते. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं सुरुवातीलाच थांबवली होती, तपासण्या नियमित होत होत्या आणि नेहमीचं जेवण टप्प्याटप्प्याने परत सुरू केलं होतं. काकडी आणि ताकात यातलं काहीच नसतं.

वजन कमी करायचंच असेल, तर रोजच्या खाण्यातून सुमारे ५०० कॅलरी कमी करा. तळलेलं, गोड आणि शीतपेयं आधी सोडा. डाळी, उसळी, दूध, अंडी सोडू नका आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयातली मुलं आणि वृद्ध यांनी तर अतिअल्प आहाराच्या वाटेला जाऊच नये. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, पाळी चुकली असेल, तर लगेच डॉक्टरांना गाठा. आणि घरातली मुलगी घास मोजू लागली, जेवणाची वेळ टाळू लागली, तर तिचं कौतुक करू नका. तिच्याशी बोला आणि गरज वाटली तर तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा.