गुलामांच्या वाटा : जंजिरा, शरणपूर आणि रतनपूर

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

गुलामांचा व्यापार म्हटला की डोळ्यांपुढे अमेरिकेतील कापसाचे मळे, साखळदंड आणि चाबूक उभे राहतात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, हे आपण अभ्यासक्रमात शिकतो आणि आपला त्या व्यापाराशी संबंध तेवढाच, असे समजून पुढच्या प्रकरणाकडे वळतो. परंतु आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे आपल्या कोकणच्या बंदरांत उतरली, दख्खनच्या दरबारांत वाढली आणि नाशिकच्या एका वसाहतीत लिहायला-वाचायलाही शिकली. त्या वाटांची ओळख करून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी पश्चिम आफ्रिकेचा किनारा

तुलनेसाठी प्रथम पश्चिम आफ्रिकेकडे पाहू. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे सव्वा कोट माणसे त्या खंडातून अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यासाठी जहाजांत कोंबली गेली, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. घानाच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधलेला एल्मिनाचा किल्ला आजही उभा आहे. आरंभी तो सोन्याच्या व्यापारासाठी होता. पुढे त्याच्या तळघरांत माणसे डांबली जाऊ लागली. सेनेगलच्या गोरे या बेटाला १९७८ साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

बेनिन देशातील विदा या गावाची गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. १७२७ साली दाहोमीच्या राजाने ते बंदर जिंकले आणि लढायांत पकडलेल्या लोकांना तो युरोपियन व्यापाऱ्यांना विकू लागला. विकणारा आफ्रिकन आणि घेणारा युरोपियन, असा तो सौदा होता. गावातून समुद्राकडे जाणाऱ्या सुमारे चार किलोमीटरच्या रस्त्यावर आज ठिकठिकाणी स्मारके आहेत. वाटेत एक ‘विस्मरणाचा वृक्ष’ होता आणि गाव, नाव, कूळ सारे विसरावे म्हणून त्याभोवती पुरुषांना नऊ आणि स्त्रियांना सात फेऱ्या घालायला लावीत, असे तेथे सांगतात. किनाऱ्यावर १९९५ साली एक मोठी कमान उभारण्यात आली. तिचे नाव ‘परत न येण्याचे दार’.

याच गावात वोडून हा धर्म नांदतो. ‘वूडू’ म्हणून आपण चित्रपटांत पाहतो ती टाचण्या टोचलेली बाहुली आणि कवट्यांची आरास म्हणजे बहुतांशी परक्यांची करमणूक होय. तेथील फोन भाषेत वोडून म्हणजे दैवत, अदृश्य शक्ती. चौकात राहणारा आणि देवांपर्यंत निरोप पोहोचविणारा लेग्बा, लोखंडाचा देव गू, सर्परूपी दान अशी त्यांची दैवते आहेत. ठराविक ढोल वाजू लागला की दैवत भक्ताच्या अंगात येते. ज्यांनी गोंधळ, जागरण किंवा गावच्या देवीपुढे घुमणारे झाड पाहिले आहे, त्या मराठी माणसाला यात फारसे अनोळखी काही नाही. विदा येथे अजगरांचे देऊळ आहे आणि त्याच्या समोरच कॅथलिकांचे मोठे चर्च. दरवर्षी जानेवारीत बेनिनमध्ये या धर्माचा उत्सव सरकारी सुट्टी देऊन साजरा होतो. विस्मरणाच्या वृक्षाभोवती फिरविलेली माणसेही आपले देव विसरली नाहीत. हैतीच्या ऊसमळ्यांत ते देव पुन्हा जागे झाले. तेथील गुलामांनी १७९१ साली बंड केले, आणि १८०४ साली हैती स्वतंत्र झाला.

आपल्या समुद्राची तऱ्हा

अरबी समुद्रावरील व्यापार अटलांटिकवरील व्यापाराहून जुना, आणि त्याची रीत वेगळी. येथे आणलेले गुलाम मुख्यतः मळ्यांसाठी नव्हते. ते शिपाई, खलाशी, पहारेकरी, घरगडी आणि दासी होते. इथिओपियाला अरबीत ‘हबश’ म्हणतात. तेथून आलेला तो हबशी. सिद्दी हे नावही याच लोकांना पडले. येथे गुलाम कधी कधी सरदार होऊ शके, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मलिक अंबर.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला. मोखा, बगदाद अशा बाजारांतून हात बदलत तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही एके काळी गुलाम असलेला हबशीच होता! पुढे मलिक अंबरने मोगलांना वर्षानुवर्षे झुंजविले, १६१० च्या सुमारास खडकी हे शहर वसविले (आपल्या सांगवीच्या शेजारची खडकी नव्हे, पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर), तेथे नहरीने पाणी खेळविले आणि जमीनमहसुलाची घडी बसविली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे.

मात्र एका मलिक अंबरच्या वैभवाने बाकीच्यांची दैना झाकली जाऊ नये. ज्यांना कोणी सरदार केले नाही, त्यांची नावेसुद्धा कागदावर उरलेली नाहीत.

जंजिरा : किल्ला पाहिला, माणसे राहिली

गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल मुरुडला गेली होती. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसून आम्ही जंजिऱ्यात उतरलो. ‘जझीरा’ म्हणजे बेट. त्याचेच मराठीत जंजिरा झाले. निजामशाहीच्या चाकरीतील हबशी सरदारांच्या ताब्यात हा किल्ला आला आणि सतराव्या शतकात त्यांनी येथे स्वतःची सत्ता उभी केली. छत्रपती शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पुढे पेशवे यांच्यापैकी कोणालाही तो घेता आला नाही. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले, तोपर्यंत तेथे सिद्दी नबाबच होते.

वाटाड्याने आम्हांला कलाल बांगडी तोफ दाखविली, भर समुद्रातील गोड्या पाण्याचे तलाव दाखविले, दरवाजावरील हत्तींना पंजात धरलेल्या श्वापदाचे शिल्प दाखविले. तोफेवर हात ठेवून सर्वांनी छायाचित्रे काढली. सिद्दी येथे आला कोठून, असे एका मैत्रिणीने विचारले, तेव्हा “आफ्रिकेतून” एवढे एका शब्दाचे उत्तर मिळाले आणि आम्ही पुढच्या बुरुजाकडे निघालो. त्या एका शब्दात केवढा प्रवास दडलेला आहे, हे विदाच्या रस्त्याविषयी वाचल्यावर माझ्या लक्षात आले. परतताना राजपुरीजवळ खोकरीचे घुमट पाहिले. सिद्दी सुरूलखानाची कबर तेथे आहे. राज्य करणाऱ्यांना घुमट मिळाले. त्यांच्याच खंडातून आलेल्या साध्या खलाशांना काय मिळाले असेल?

विकणारे आणि मना करणारे

दाहोमीच्या राजाप्रमाणे येथेही विकणारे हात केवळ परक्यांचे नव्हते. गुलामांच्या वंशातून पुढे आलेले सिद्दी सत्ताधीश किनाऱ्यावरील माणसे धरून नेत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या घराण्याच्या परंपरेत सांगतात की, त्यांच्या वडिलांना सिद्दीने ठार केले आणि आई व भावंडांसह त्यांना विकण्यास पाठविले. राजापूर बंदरात मामाने पैसे मोजून त्यांना सोडविले. गोव्यात पोर्तुगीज मोझांबिकहून गुलाम आणीत. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात राहिलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने तेथील मुख्य रस्त्यावर भरणाऱ्या माणसांच्या लिलावाचे वर्णन केले आहे.

या पार्श्वभूमीवर एक कागद फार मोलाचा आहे. कर्नाटकाच्या स्वारीत, १६७७ साली, शिवाजी महाराजांनी डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला त्यात गुलामांची खरेदी-विक्री करण्यास स्पष्ट मनाई केली होती. ही मनाई पुढे टिकली नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. त्या आफ्रिकेतल्या नव्हत्या. त्या आपल्याच मुलखातल्या बायका होत्या. इंग्रजी अमलात १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली गेली.

शरणपूर : परतीचे दार

नाशिकला जाणारे बहुतेक जण गोदाघाट, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर पाहतात. शरणपूर रोडवरून आपली रिक्षा जाते, पण त्या नावाचा अर्थ कोणी विचारीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनी वसविलेले हे शरण आलेल्यांचे गाव. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबते पकडी. त्यांतून सुटलेली मुले मुंबईला आणीत, आणि त्यांतील कित्येकांना शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात पाठवीत. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम असे शिक्षण मिळे. नावे मात्र नवी, इंग्रजी मिळत. विस्मरणाच्या वृक्षाची ही जरा सौम्य आवृत्ती म्हणावी लागेल.

प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने १८६६ च्या आफ्रिका सफरीसाठी शरणपूरचे नऊ तरुण बरोबर घेतले. त्याच तुकडीत चुमा होता. १८६१ साली गुलामांच्या तांड्यातून सुटलेला हा मुलगा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला होता. १८७२ साली शरणपूरला शिकलेली आणखी काही मुले जाऊन मिळाली. त्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ साली आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन मरण पावला. तेव्हा चुमा, सुसी, वेनराइट आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले, वेनराइटने प्रार्थना म्हटली आणि झाडावर अक्षरे कोरली. मग त्यांनी ते प्रेत हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत, सुमारे नऊ महिन्यांनी, समुद्रकाठी आणले. १८७४ च्या एप्रिलात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा नाशिकला शिकलेला वेनराइट तेथे हजर होता.

‘गुलामगिरी’ पुण्यात निघाली ते वर्षही १८७३, आणि झांझिबारचा गुलामबाजार बंद करणारा तह झाला तेही १८७३. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी त्यासाठी शिष्टाई केली होती. त्यांच्या नावाने १८७५ साली मोंबासाजवळ फ्रियर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, आणि शरणपूरची बरीच मंडळी तेथे जाऊन स्थायिक झाली. तिकडचे लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. विदाला जर ‘परत न येण्याचे दार’ असेल, तर नाशिकला परतीचे दार होते असे म्हणावयास हरकत नाही. अर्थात सर्वांना ते लाभले नाही. बहुसंख्य लोक येथेच राहिले.

रतनपूरचा ढोल

येथे राहिलेल्यांनी काय जपले, हे पाहायचे तर गुजरातमध्ये भडोच जिल्ह्यातील रतनपूरला जावे लागते. अकीक दगडाच्या खाणींच्या त्या प्रदेशात टेकडीवर बावा गोर या हबशी संताचा दर्गा आहे. बावा गोर अकीकाचा व्यापारी होता आणि माई मिस्रा ही त्याची बहीण, असे सिद्दी मानतात. उरुसात ते पायांवर उभा असणारा मुगरमान ढोल वाजवितात, मलुंगा नावाचे धनुष्यासारखे एकतारी वाद्य छेडतात आणि गोमा नाचतात. नाचता नाचता संताची ‘हाजरी’ अंगात येते. ‘गोमा’ हा शब्द स्वाहिली ‘न्गोमा’पासून आला आहे, त्याचा अर्थ ढोल, आणि त्यावरचा नाचही. भाषा गेली, पोशाख गेला, मूळ गावाचे नाव गेले. ढोलाचे नाव राहिले.

गोमा म्हणजे वोडून नव्हे. वोडून पश्चिम आफ्रिकेचा, तर आपले सिद्दी मुख्यतः पूर्व आफ्रिकेचे आणि रतनपूरचे सिद्दी मुसलमान. तरीही ढोलाच्या ठेक्यावर पूर्वजाला बोलवावे आणि त्याच्याकडून धीर घ्यावा, ही रीत दोन्हीकडे सारखी. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोला या जंगलपट्ट्यातील सिद्दींमध्ये हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांतील अनेकांचे पूर्वज गोव्यातून पळून आले होते. घरात ते कोकणी बोलतात आणि दमाम वाजवून नाचतात. २००३ साली तेथे त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

आपल्या गल्लीतला शब्द

हे सारे सांगण्याचे कारण दूरचे नाही. पुणे परिसरात आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. आमच्या सांगवीतही ते भाड्याने राहतात. भाजी घेऊन जाणाऱ्या अशा एका विद्यार्थ्यामागे आमच्या गल्लीतील मुले “हबशी, हबशी” म्हणून ओरडत धावलेली मी पाहिली आहेत. मुलांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. तो हिणवायचा शब्द आहे एवढे मात्र पक्के ठाऊक होते. जो शब्द एका देशाचे नाव सांगतो, जो एका शहराच्या संस्थापकाला लागला, तो शिवी होऊन बसला. विस्मरण म्हणतात ते यालाच.

त्या दिवशी मी मुलांना ओट्यावर बसवून मलिक अंबरची गोष्ट सांगितली. लढाईचा भाग त्यांना आवडला. पण “त्याच्या आईला कळलं का तो कुठं गेला ते?” असा प्रश्न एका सात वर्षांच्या मुलाने केला. इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकाला याचे उत्तर देता येणार नाही, आणि प्रश्न मात्र बरोबर आहे.

आपल्या विभागाची सहल पुढच्या वर्षी पुन्हा कोठेतरी निघेलच. जंजिऱ्याला निघाली तर तोफांच्या माहितीबरोबर या माणसांची माहिती देणारे एखादे टिपण होडीत बसण्यापूर्वी वाचावे. नाशिकला निघाली तर गोदाघाटानंतर शरणपूरलाही तासभर थांबावे. आणि सहल निघो वा न निघो, आपल्या शेजारी राहणाऱ्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना महाविद्यालयात बोलावून त्यांच्या गावांविषयी त्यांच्याच तोंडून ऐकावे. गुरुजनांनी या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.