गच्चीवरून लोणारला

मुलांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालतो. असा कोण माणूस, की ज्यानं चौतीस वर्षं रोज हजारो लोकांच्या प्रवासाचा हिशेब ठेवला, पण स्वतः मात्र फारसा कुठे गेलाच नाही? हरलात? अहो, तो माणूस म्हणजे मीच!

पुण्यात एसटीच्या कार्यालयात मी कारकून होतो. कंडक्टर फेरी संपवून आले, की त्यांची वेबिलं आणि रोकड तपासायची, हे माझं काम. महाबळेश्वर, पंढरपूर, गणपतीपुळे अशी सगळी गावं रोज माझ्या टेबलावरून जायची, पण आकड्यांच्या रूपात! म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की निवृत्त झालो रे झालो, की एक कॅमेरा घ्यायचा आणि ही गावं डोळ्यांनी बघायची.

या बेतात माझा एक जोडीदार होता. आम्ही सगळे त्याला 'मास्तर' म्हणायचो. शाळेतला मास्तर नव्हे हं! एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धत आहे. हा मास्तर मूळचा बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचा. माझ्याआधी वर्षभर निवृत्त होऊन तो गावी गेला होता. जाताना म्हणाला, "राजा, पहिलं लोणार! माझ्या घरापासून तासाभराचीसुद्धा वाट नाही. तुझं महाबळेश्वर मागाहून."

जानेवारी २०२० मध्ये मी कॅमेरा घेतला. ३१ मार्चला निवृत्त होणार होतो. एप्रिलमध्ये लोणार. सगळं कसं वेबिलासारखं चोख जुळलं होतं.

आणि मग काय झालं, ते तुमच्या आईबाबांना विचारा. तुम्ही तेव्हा लहान असाल. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सगळा देशच कुलूपबंद झाला. बस बंद, रेल्वे बंद, शाळा बंद. माझा निरोप समारंभ झालाच नाही. ना शाल, ना नारळ! एक दूरध्वनी आला, "उद्यापासून तुम्ही निवृत्त." झालं. चौतीस वर्षांचा हिशेब संपला.

शेवग्याच्या फांदीवरचा हिरवा ठिपका

पहिले आठ दिवस मी नुसता चिडचिड करत होतो. नवा कॅमेरा कपाटात आणि मी खुर्चीत. शेवटी आमची मंडळी म्हणाली, "गच्चीची किल्ली तुमच्याकडेच आहे ना? मग बसा तिकडे जाऊन!"

गेलो. आणि बघतो तर काय, एरवी धुरकट दिसणारा सिंहगड अगदी स्वच्छ! त्यावरचा दूरदर्शनचा मनोराही ओळखू येत होता. रस्त्यावर गाड्या नव्हत्या, त्यामुळे हवेतला धूर कमी झाला होता. आवाजही नव्हते. आणि म्हणूनच मला एक नवाच आवाज ऐकू आला. टुक् टुक् टुक् टुक्...

पुण्याच्या कसब्यात तांबट आळी आहे. तिथे तांब्याची भांडी ठोकून घडवतात. हुबेहूब तसाच ठोका. पण इथे कोण तांबट बसणार? शोधता शोधता शेवग्याच्या वाळक्या फांदीवर एक हिरवा ठिपका दिसला. तोच तांबट पक्षी! मैनेपेक्षा लहान, अंगानं हिरवा, कपाळावर लाल टिळा आणि गळा पिवळा. नाव त्याला आवाजावरून पडलं आहे.

मी धडाधड वीस-पंचवीस फोटो काढले. सगळेच्या सगळे पुसट! मग कॅमेऱ्यासोबत आलेलं पुस्तक उघडलं. (हे काम मी जानेवारीतच करायला हवं होतं, पण असो.) त्यात कळलं, की फोटो काढताना कॅमेऱ्याचा पडदा क्षणभर उघडतो आणि मिटतो. तो १/६० सेकंद उघडा राहिला, तर तेवढ्यातही पाखराची मान वळते आणि चित्र पुसट येतं. तोच १/१००० सेकंद उघडला, तर उडतं पाखरूसुद्धा जागच्या जागी थिजल्यासारखं दिसतं. मात्र तेवढ्या वेळात उजेड कमी आत येतो. म्हणून ऊन चांगलं हवं.

मग मी एक नियम केला. रोज सकाळी सात वाजता, गच्चीच्या त्याच कोपऱ्यातून, त्याच फांदीचा एक फोटो काढायचा आणि वहीत तारीख लिहायची. कारकुनाची सवय, दुसरं काय! आणि त्या वहीतून गंमत उलगडत गेली. नर आणि मादी दोघंही चोचीनं फांदी पोखरत होती. मग आळीपाळीनं आत बसू लागली. पुढे दोघंही चोचीत फळं, किडे घेऊन येऊ लागली. आणि मेच्या अखेरीला एका सकाळी त्या भोकातून एक बावळट चेहऱ्याचं पिल्लू बाहेर डोकावलं! हे सगळं दरवर्षी माझ्याच घरामागे होत असणार. मी मात्र साडेसातची बस पकडायला धावत असायचो.

गुलाबी तळं आणि बंद वाटा

जूनमध्ये मास्तरचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, की बातमी मोठी आहे.

"राजा, लोणारचं पाणी गुलाबी झालंय!"

"गुलाबी? गुलाबी म्हणजे कसं रे?"

"बीट उकडल्यावर पाणी उरतं ना, तसं!"

मी कॅमेरा हातात घेऊन गच्चीवर येरझारा घालत होतो. पण जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागत होता आणि 'मला गुलाबी पाणी बघायचं आहे' या कारणासाठी कोण पास देणार?

पाणी गुलाबी का झालं असेल, सांगा पाहू? लोणारचं पाणी मुळातच खारट. उन्हाळ्यात पाणी आटलं, पातळी खाली गेली आणि राहिलेल्या पाण्यात मिठाचं प्रमाण वाढलं. अशा खारट पाण्यात मीठ मानवणारे सूक्ष्मजीव भराभर वाढतात. त्यांच्या शरीरात गुलाबी रंगद्रव्य असतं. फ्लेमिंगो पक्ष्यांच्या पिसांना गुलाबी रंग येतो, तोही त्यांच्या खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळेच. हा शोध लावला पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेनं. म्हणजे बघा, लोणारचं पाणी तपासणीसाठी पुण्याला आलं, पण पुण्याचा मी काही लोणारला जाऊ शकलो नाही!

जवळ दिसतं ते जवळ असतं?

२१ डिसेंबर २०२० ला आकाशात एक दुर्मिळ देखावा होता. गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ दिसणार होते, की तसे ते १६२३ नंतर आलेच नव्हते. सूर्य मावळल्यावर मी तिकाटण्यावर कॅमेरा लावला. गुरूचा ठळक ठिपका, त्याच्या बाजूला चंद्रांचे बारीक कण आणि शेजारी जरा लांबट दिसणारा शनी. एकाच चौकटीत दोघे! फोटो मी मास्तरच्या मुलीच्या मोबाइलवर पाठवला.

मास्तरनं विचारलं, "यांच्यात अंतर किती?"

मी कागद काढून वाचून दाखवलं. त्या दिवशी गुरू आपल्यापासून सुमारे ८९ कोटी किलोमीटरवर होता आणि शनी सुमारे १६२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे दोघांमध्ये सत्तर कोटींहून अधिक किलोमीटरची मोकळी जागा!

मास्तर हसला. "मग तुझा फोटो खोटं बोलतोय की रे! चिकटून बसलेत जणू एकाच सीटवर. लक्षात ठेव, फोटोत माप नसलं, तर माणूस फसतो. लोणारला येशील तेव्हा मापाला मी उभा राहीन."

डबल बेल!

लोणारचा योग अखेर जानेवारी २०२१ मध्ये आला. जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या एसटी गाड्या ऑगस्टमध्येच पुन्हा सुरू झाल्या होत्या. तोंडाला मास्क, खिशात सॅनिटायझरची बाटली आणि खिडकीची जागा. तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, मग जालना, मग जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेड राजा, आणि मेहकर! स्टँडवर मास्तर उभा होता. गळाभेट घ्यायची नाही, असा काळ होता तो. आम्ही लांबूनच नमस्कार केला आणि उगीचच मोठमोठ्यानं हसलो.

दुसऱ्या दिवशी लोणार. काठावर पोचलो आणि माझी वाचाच बसली. मुलांनो, आकाशातून एक अशनी येऊन आदळला आणि काळ्या बसाल्ट खडकात हे प्रचंड विवर तयार झालं. व्यास जवळजवळ १.८ किलोमीटर. परिघाचं सूत्र तुम्हाला येतंच, ३.१४ गुणिले व्यास. म्हणजे नुसत्या काठाकाठानं फेरी मारायची, तरी साडेपाच किलोमीटरहून जास्त चाल! हे कधी घडलं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कोणी सुमारे ५० हजार वर्षं सांगतात, तर कोणी साडेपाच लाखांहून जास्त. पुराणातली गोष्ट वेगळीच आहे. इथे लवणासुर राहत होता आणि विष्णूनं त्याला मारलं, असं सांगतात. गावातलं दैत्यसूदनाचं सुंदर मंदिर त्याच गोष्टीचं.

गुलाबी रंग तोवर ओसरला होता. पाणी हिरवट आणि शांत होतं. मी फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितला. अरेरे! एवढं प्रचंड विवर, आणि फोटोत ते एखाद्या परातीसारखं दिसत होतं.

"बघ, मी म्हणालो नव्हतो?" असं म्हणून मास्तर काठाकाठानं चालत सुटला. खूप लांब जाऊन थांबला. मग त्यानं उजवा हात वर केला आणि हवेतच दोरी ओढल्यासारखी दोनदा ओढली. डबल बेल! तुम्हाला ठाऊक आहे ना? एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला.

मी फोटो काढला. आणि काय सांगू! तांदळाच्या दाण्याएवढा मास्तर कडेला दिसला मात्र, ते विवर एकदम अवाढव्य झालं.

निघताना तो म्हणाला, "माझा तो फोटो पाठव बरं का, घरात लावतो." मी म्हटलं, "निवडून पाठवतो." पुण्याला आल्यावर मी विवराचे फोटो निवडले, मंदिराचे निवडले, पक्ष्यांचे निवडले. ते सगळ्यांना पाठवलेसुद्धा. मास्तरचा फोटो मात्र 'आज पाठवू, उद्या पाठवू' करत राहून गेला. त्यानं दोनदा आठवण केली होती.

एप्रिल २०२१ मध्ये साथीची दुसरी लाट आली. त्या लाटेत मास्तर गेला. मला जाताही आलं नाही.

महिन्याभरानं त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा सारखे सांगायचे, लोणारच्या काठावर माझा फोटो काढलाय म्हणून. आहे का हो तुमच्याकडे?"

मी संगणक उघडला. वर्षभरात चार हजारांवर फोटो काढले होते. तांबटाच्या पिल्लाचेच दोनशे निघाले. मास्तर एकाच फोटोत होता, आणि तोही तांदळाएवढा. त्याला मोठा करायला गेलो, तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोनी ठिपके उरले. नाक नाही, डोळे नाहीत. चार हजार फोटो काढणाऱ्या मला जवळ जाऊन एक फोटो काढायचं सुचलं नव्हतं. तरी तोच फोटो मी पाठवला आणि क्षमाही मागितली.

तिचं उत्तर आलं, "काका, हात दिसतोय ना वर केलेला. बाबाच आहेत."

तो फोटो आता मेहकरला त्यांच्या घरात लावलेला आहे. एक मी माझ्या टेबलावर ठेवला आहे.

तुम्हीही करून बघा

आता मी हिंडतो. महाबळेश्वर झालं, पंढरपूर झालं. पण मी माझ्यासाठी तीन नियम केले आहेत. आवडले, तर तुम्हीही घ्या. त्यासाठी माझ्यासारखा कॅमेराच हवा असं नाही. आईबाबांचा मोबाइलही चालेल.

एक : घराजवळची एकच जागा निवडा. झाड, ओढा, नाहीतर समोरची भिंत. महिनाभर रोज ठरलेल्या वेळी, एकाच ठिकाणी उभं राहून एक फोटो काढा आणि तारीख लिहा. महिन्यानं सगळे ओळीनं लावून बघा, काय काय बदललं ते.

दोन : डोंगर, धबधबा, किल्ला असं काही मोठं असेल, तर फोटोत मापाला एक माणूस उभा करा. पण मुलांनो, काठापासून सुरक्षित अंतरावर बरं का!

तीन : त्या मापाला उभ्या राहिलेल्या माणसाचा दुसरा फोटो जवळ जाऊन काढा. चेहरा नीट दिसेल असा. आणि तो त्याच दिवशी त्याला पाठवा. निवडत बसू नका.

पहिल्या दोन नियमांना सवड मिळेल तेव्हा सुरुवात करा. तिसऱ्याला मात्र आजच करा. आजी-आजोबा घरातच असतील ना?