पायाळू बाळ आणि खुब्याचा सांधा

आज कोड नाही, गॅजेट नाही. आज लहान बाळाच्या खुब्याबद्दल बोलायचंय. मी डॉक्टर नाही, बीटेक झालेला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण मागच्या वर्षी घरात मी एक चुकीचा सल्ला देऊन बसलो, म्हणून हा एपिसोड.

माझी भाची, आम्ही तिला चिऊ म्हणतो. पोटात ती उलटी होती, म्हणजे डोकं वर आणि बूड खाली. सिझेरियन झालं. आजी खूश! "पायाळू आहे गं पोर. उसण भरली की हिचीच लाथ खायची." सगळे हसलो. पायाळू म्हटलं की आपल्याला लाथ आठवते, वीज आठवते. खुबा कोणाला आठवत नाही.

चिऊ चार महिन्यांची होती, तेव्हा अंघोळ घालणाऱ्या मावशी ताईला म्हणाल्या, "हिचा डावा पाय उजव्याइतका फाकत नाही बघा." ताईनं मला फोन केला. मी काय म्हणालो? "अगं, रडत नाही, ताप नाही, मस्त खेळतेय. उगाच गूगल करत बसू नकोस." आजीचं म्हणणं, "चालायला लागली की होईल सरळ." नशीब, ताईनं आमच्या दोघांचंही ऐकलं नाही.

आता हा प्रकार काय असतो ते बघू. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं आणि तो गोळा कमरेच्या हाडातल्या खळग्यात बसतो. हाच खुब्याचा सांधा. जन्मताना याचा बराचसा भाग मऊ कूर्चेचा असतो. गोळा नीट बसलेला असेल तर त्याच्याभोवती खळगा छान खोल होत जातो. गोळा सैल असेल किंवा बाहेर सरकलेला असेल, तर खळगा उथळच राहतो. इंग्रजीत याला डेव्हलपमेंटल डिसप्लेजिया ऑफ द हिप म्हणतात, थोडक्यात डीडीएच. साधारण हजारात एक-दोन बाळांचा सांधा पूर्ण निखळलेला असतो. नुसता सैल किंवा उथळ सांधा त्याहून बराच जास्त बाळांत सापडतो.

खरी गोची अशी की तान्ह्या बाळाला हे दुखत नाही. बाळ हसतं, लाथा मारतं, रांगतंसुद्धा. म्हणून "रडत नाही ना, मग ठीक आहे" हे माझं लॉजिक मुळातच चुकीचं होतं.

जास्त जपायचं कोणाला? पायाळू बाळांना, मग जन्म सिझेरियननं झालेला असला तरी. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा त्रास असेल तर त्या बाळांना. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा बरंच जास्त दिसतं. पहिलटकरणीच्या बाळांतही जास्त.

घरी काय बघायचं? लंगोट किंवा डायपर बदलताना दोन्ही गुडघे वाकवून मांड्या अलगद बाहेर उघडा. एक बाजू कमी उघडते का? बाळाला उताणं ठेवून गुडघे वाकवले आणि पावलं शेजारी शेजारी टेकवली, तर एक गुडघा खाली दिसतो का? मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का? नुसत्या वळ्या वेगळ्या असल्या तर घाबरू नका, बऱ्याच निरोगी बाळांतही तसं असतं. आणि लक्षात ठेवा, दोन्ही खुबे बिघडलेले असतील तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. चालायला लागल्यावर मूल लंगडत असेल, एकाच पायाच्या चवड्यावर चालत असेल किंवा बदकासारखं डुलत असेल, तर लगेच दाखवा.

यापुढची तपासणी मात्र डॉक्टरांचीच. ओर्तोलानी या इटालियन बालरोगतज्ज्ञांनी १९३७ मध्ये एक पद्धत मांडली. मांडी अलगद बाहेर नेताना निसटलेला गोळा खळग्यात परत जातो आणि तो हिसका हाताला जाणवतो. यूट्यूब बघून हे घरी करू नका. शिवाय तीनेक महिन्यांनंतर स्नायू आखडतात आणि हा हिसका सहसा मिळत नाही, तेव्हा पाय कमी उघडणं हीच मोठी खूण. चिऊचा खुबा जन्माच्या वेळी तपासला होता आणि ठीक वाटला होता. म्हणून एकदा तपासला की संपलं, असं नसतं. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसीला जाताच ना, तेव्हा एकच वाक्य बोला, "डॉक्टर, खुबेपण बघता का?" पायाळू बाळ असेल तर सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफीबद्दल विचारा. एवढ्या लहान वयात एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसते.

घाई का, तर वेळेप्रमाणे उपाय बदलत जातो. साधारण सहा महिन्यांच्या आत असेल तर बहुतेक वेळा पाव्लिक हार्नेस पुरतो. कापडी पट्टे असतात, ते बाळाचे पाय वाकवून फाकलेले ठेवतात. त्यानंतर भूल देऊन सांधा बसवायचा आणि कमरेपासून प्लास्टर. दीड वर्षानंतर बऱ्याचदा मोठं ऑपरेशन. राहूनच गेलं तर लंगडणं, आणि तरुणपणीच खुब्याची झीज आणि दुखणं.

एक सवय मात्र आजच बदला. दुपट्यात बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. मालिश करताना पाय ओढू नका. हात गुंडाळा हवं तर, पण पायांना बेडकासारखं मोकळं राहू द्या. पाय फाकवून कडेवर घेणं खुब्यासाठी उलट चांगलंच.

चिऊला जवळपास तीन महिने हार्नेस होता. पहिल्या आठवड्यात ताई रात्र रात्र रडायची, चिऊ मात्र दोन दिवसांत सरावली. आता ती चालते. पुढची काही वर्षं अधूनमधून एक्स-रे काढायचे आहेत. परवा आजीची कंबर धरली, तर चिऊनं खरंच लाथ मारली. डाव्या पायानं!

तुमच्या घरात, शेजारी, ऑफिसात कोणाकडे तान्हं बाळ असेल तर हा एपिसोड आजच पाठवा. ते चालायला लागेपर्यंत थांबू नका. भेटू पुढच्या भागात.