मैदानावरून नगरपालिकेत

लिंडा मेडालेन या नॉर्वेच्या महिला फुटबॉल संघाच्या आघाडीच्या खेळाडू. जन्म 1965 चा, सांडनेसचा. 1987 ते 1999 या काळात त्या देशासाठी 152 सामने खेळल्या आणि त्यांनी 64 गोल केले. नोकरी पोलिसात होती. त्या काळी निव्वळ फुटबॉलवर पोट भरणाऱ्या स्त्रिया विरळाच.

स्त्रियांच्या फुटबॉलला नॉर्वेच्या संघटनेने मान्यता दिली ती 1976 मध्ये. दहा वर्षांनी नॉर्वेच्या प्रतिनिधी एलेन विले यांनी फिफाच्या मेक्सिकोतील अधिवेशनात उभे राहून स्त्रियांसाठी विश्वचषक मागितला. तो 1991 मध्ये चीनमध्ये भरला, पण सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे. स्त्रियांच्या दमावर तेव्हा एवढाच विश्वास होता. अंतिम सामन्यात अमेरिकेने आघाडी घेतल्यावर मेडालेन यांनी बरोबरी साधली. शेवटची दोन मिनिटे उरली असताना अमेरिकेच्या मिशेल एकर्सच्या दुसऱ्या गोलने चषक गेला. चार वर्षांनी स्वीडनमध्ये जर्मनीला 2-0 हरवून नॉर्वेने तो मिळवला. त्या विजयी संघात मेडालेन होत्या.

खेळ थांबल्यावर त्या आस्करच्या स्थानिक राजकारणात आल्या, होयरे या उजव्या पक्षाकडून. ओस्लोजवळच्या या गावाचा इतिहास मुद्दाम सांगायला हवा. तिथल्या पालिका निवडणुकीत मतदाराला पक्षाच्या यादीतील नावे खोडता येत असत. 1971 मध्ये मतदारांनी ठरवून पुरुषांची नावे खोडली, आणि ओस्लो, ट्रोंडहाइम व आस्कर या तीन सभागृहांत स्त्रियांचे बहुमत झाले. वृत्तपत्रांनी त्याला स्त्रियांचा उठाव म्हटले. मेडालेन ज्या सभागृहाकडे वळल्या, तिथली वाट अशी आधीच मळलेली होती.

महाराष्ट्रात ही वाट कायद्याने पाडली. स्थानिक संस्थांत 1990 मध्ये 30 टक्के, घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश आणि 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. खुर्ची नवऱ्याने चालवावी, हा प्रकार गावोगाव दिसला. तरी पहिल्यांदा नाइलाजाने उभ्या राहिलेल्या कित्येक जणी पुढे स्वतःच्या बळावर निवडून आल्या. म्हणून आरक्षणाला नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

फुटबॉलचे मात्र तसे झाले नाही. भारतीय स्त्रियांचा संघ 1980 मध्ये कालिकतला आणि 1983 मध्ये बँकॉकला आशियाई उपविजेता ठरला होता. पुढे त्याची आबाळ झाली. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ (2022) या चित्रपटातून झोपडपट्टीतला फुटबॉल घराघरांत पोचवला. पण खेळाडू घडायला रोजचे मैदान लागते, आणि ते देणे स्थानिक संस्थांच्या हातात असते.

करमाळ्याच्या नगरपालिकेत आणि पंचायत समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. मैदानावर संध्याकाळचा एक तास मुलींसाठी राखून ठेवण्याचा ठराव तिथल्या सदस्यांनी येत्या सभेत मांडावा.